ओ-टू, ओ-थ्री आणि दुसऱ्याचं मशीन: पॅकेजिंगबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात लिनक्ससाठी पॅकेज कसं बांधायचं यावर लिहिलं होतं, त्यावर इतके प्रश्न आले की या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत. जवळजवळ सगळ्यांचा रोख एकाच गोष्टीवर आहे, कंपायलरला (सोर्स कोडपासून प्रोग्राम बनवणाऱ्या टूलला) ऑप्टिमायझेशनचे, म्हणजे कोड वेगवान करायचे, कुठले फ्लॅग (पर्याय) द्यायचे आणि कोणी द्यायचे. ओ-झिरो म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद, ओ-टू नेहमीची पातळी, ओ-थ्री त्याहून जोरकस.

प्रश्न (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नांदेड): ताई, आमच्या लॅबमध्ये अजून कोअर टू ड्युओवाले जुने पीसी आहेत, त्यावर डेबियन (लिनक्सची एक डिस्ट्रो, म्हणजे तयार आवृत्ती) टाकलंय. फोटोवर फिल्टर लावायचं एक छोटं टूल मी माझ्या नव्या लॅपटॉपवर कंपाइल केलं आणि त्याचं डेब पॅकेज बनवलं, सीफ्लॅग्जमध्ये (कंपायलरला द्यायच्या फ्लॅगच्या यादीत) ओ-थ्री आणि एमआर्च=नेटिव्ह टाकलं कारण सगळीकडे हेच सांगतात की याने स्पीड वाढतो. लॅबमध्ये टूल सुरू होतं, मेनू दिसतो, पण फिल्टर लावला की ‘इलीगल इन्स्ट्रक्शन’ असं येऊन बंद पडतं. पॅकेज करप्ट झालंय का?

उत्तर: नाही, पॅकेज धड आहे, ते फक्त तुमच्या लॅपटॉपसाठी बनलंय. एमआर्च=नेटिव्ह म्हटलं की जीसीसी हा कंपायलर त्याच क्षणी, ज्या मशीनवर बिल्ड चाललाय त्याच्या प्रोसेसरला विचारतो की बाबा तुला काय काय येतं, आणि मग जे जे येतं ते सगळं वापरून कोड तयार करतो. नव्या लॅपटॉपला एव्हीएक्स२, एफएमए असे सूचनांचे नवे गट येतात, कोअर टू ड्युओला यातलं काहीच येत नाही. त्याच्यासमोर अशी सूचना आली की प्रोसेसर हात वर करतो आणि कर्नल त्या प्रोग्रामला ४ नंबरचा सिग्नल म्हणजे सिगइल पाठवून बंद करतो.

आता मेनू का दिसला आणि फिल्टरलाच का मेलं, हे नीट लक्षात घ्या कारण पॅकेजिंगमधला खरा धोका इथेच आहे. प्रोग्राम सुरू होताना कोणी सगळा कोड तपासून बघत नाही, ज्या फंक्शनमध्ये कंपायलरने एव्हीएक्स२ची सूचना वापरली तिथे पोचेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. म्हणजे तुम्ही इन्स्टॉल करून, एकदा उघडून बघून ‘चालतंय’ म्हणाल आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी दुसरंच कोणीतरी फिल्टर लावेल तेव्हा ते पडेल.

डेबियनचं एएमडी६४ (६४-बिट इंटेल आणि एएमडी पीसीसाठीचं) पॅकेज बांधताना कुठला प्रोसेसर गृहीत धरायचा हे आधीच ठरलेलं आहे, २००३ साली एएमडीच्या ऑप्टेरॉन प्रोसेसरबरोबर जो मूळ ६४-बिटचा सूचनांचा संच आला तो, बस. म्हणूनच तुमच्या लॅबमधले पीसी आजही डेबियन चालवू शकतात. २०२० मध्ये या संचाच्या वर पायऱ्या ठरवल्या गेल्या, मूळ संच म्हणजे व्ही१, त्यावर व्ही२ मध्ये एसएसई४.२ आणि पॉपकाउंट वगैरे, व्ही३ मध्ये एव्हीएक्स२ आणि एफएमए, व्ही४ मध्ये एव्हीएक्स-५१२. कोअर टू ड्युओ यातल्या व्ही२ मध्येही बसत नाही, कारण एसएसई४.२ इंटेलने २००८ च्या नेहॅलेम पिढीपासून दिलं. रेड हॅटने एंटरप्राइज लिनक्स ९ साठी व्ही२ धरलं आणि १० साठी थेट व्ही३, तो त्यांचा निर्णय, त्यांचे ग्राहक सर्व्हर चालवतात. आणि ‘२०१३ नंतरचं मशीन आहे म्हणजे व्ही३ असणारच’ असंही धरून चालू नका, हॅसवेलनंतर (इंटेलची २०१३ ची पिढी, जिच्यात व्ही३ आलं) कित्येक वर्षं विकल्या गेलेल्या पेंटियम आणि सेलेरॉनमध्ये इंटेलने एव्हीएक्स बंदच ठेवलं होतं आणि आपल्याकडच्या शाळा, झेरॉक्सची दुकानं, सरकारी ऑफिसं यांत तेच स्वस्त प्रोसेसर भरलेत.

पाया एक पायरी वर घेतला की किती लोक बाहेर राहतात याचं चांगलं उदाहरण रास्पबेरी पायचं. डेबियनच्या आर्मएचएफला (एआरएम प्रोसेसरसाठीच्या आवृत्तीला) एआरएमव्ही७ लागायचं आणि पहिला पाय होता एआरएमव्ही६ वर, त्यामुळे ती पॅकेजेस त्यावर चालेनात, शेवटी २०१२ मध्ये स्वयंसेवकांनी सगळी पॅकेजेस एआरएमव्ही६ साठी पुन्हा कंपाइल करून रास्पबियन काढलं. एका फ्लॅगमुळे हजारो पॅकेजेस परत बांधावी लागली, तेव्हा कुठे त्या छोट्या बोर्डावर पोरांना काही चालवता आलं.

तुम्ही करायचं काय तर एमआर्च=नेटिव्ह काढा. हवं तर एमट्यून ठेवा, तो फक्त सूचनांची मांडणी अमुक प्रोसेसरला सोयीची करतो, नव्या सूचना घालत नाही, त्यामुळे जुन्या मशीनवर कोड पडत नाही. आर्च या डिस्ट्रोच्या मेकपीकेजी डॉट कॉन्फमध्ये हेच दिसेल, एमआर्च मूळ एक्स८६-६४ आणि एमट्यून जेनेरिक. पण एमट्यूनलासुद्धा नेटिव्ह देऊ नका, कारण मग तोच सोर्स दोन मशीनवर बांधला की दोन वेगळ्या बायनरी निघतात आणि कोणाला ताडून बघता येत नाही की हे पॅकेज खरंच या सोर्सचं आहे का.

आणि फिल्टर नव्या मशीनवर खरंच जोरात पळायला हवा असेल, जी अगदी योग्य इच्छा आहे, तर त्या एका फंक्शनला टार्गेट-क्लोन्स हे ॲट्रिब्यूट लावा. जीसीसी त्याच फंक्शनच्या दोन-तीन आवृत्त्या बनवून एकाच बायनरीत ठेवतो आणि प्रोग्राम चालू होताना प्रोसेसर बघून योग्य ती निवडली जाते. ओपनब्लाससारख्या गणिताच्या लायब्ररी आपापल्या पद्धतीने हेच करतात. तुमचं काम शेअर्ड लायब्ररीत असेल तर अजून एक रस्ता आहे, जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३३ पासून म्हणजे २०२१ पासून जीलिबसी-एचडब्ल्यूकॅप्स नावाच्या डिरेक्टरीत व्ही२, व्ही३ असे वेगळे बिल्ड ठेवता येतात, लोडर (प्रोग्राम सुरू करताना लायब्ररी जोडणारा) आपोआप चालणारा उचलतो. कुठलं मशीन कुठल्या पायरीवर आहे हे बघायचं तर त्याच लोडरला, एलडी-लिनक्सला, हेल्प विचारा, तो यादी छापून ‘सपोर्टेड’ असं पुढे लिहून दाखवतो. लॅबमधल्या एकेका पीसीवर हे करून बघाच.

प्रश्न (पुणे, स्वतःचं ओपन सोर्स टूल लिहिणारे वाचक): माझ्या मेकफाइलमध्ये (बिल्ड कसा करायचा हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) मी विचारपूर्वक ओ-थ्री ठेवलंय. एका डिस्ट्रोच्या पॅकेजरने पॅच टाकून ते काढून टाकलं आणि मला कळवलंसुद्धा की ‘कृपया आमचे फ्लॅग वापरा’. माझा प्रोग्राम, मी बेंचमार्क केलाय, मग यांनी का ठरवायचं?

उत्तर: तुमचा राग समजतो, पण या बाबतीत मी पॅकेजरच्या बाजूची आहे आणि कारण स्पीडचं नाहीये.

डेबियनमध्ये डीपीकेजी-बिल्डफ्लॅग्ज चालवून बघा काय येतं. जी (डीबगची माहिती) आणि ओ-टू तर आहेच, पण त्यासोबत बफर ओव्हरफ्लो (ठरलेल्या जागेबाहेर लिहिणं) पकडणारा स्टॅक-प्रोटेक्टर-स्ट्राँग आहे, फॉर्मॅट-सिक्युरिटीची चूक दिसली तर बिल्ड थांबवणारा फ्लॅग आहे, त्याच कामाचा फॉर्टिफाय-सोर्स आहे, लिंकरसाठी रेलरो (लोड झाल्यावर काही तक्ते फक्त वाचण्याजोगे करणारा) आहे, आणि बिल्डचा पाथ बायनरीत शिरू नये म्हणून फाइल-प्रीफिक्स-मॅप आहे. फेडोराचा ऑप्टफ्लॅग्ज हा मॅक्रो असंच गाठोडं देतो, तिथे २०२३ च्या फेडोरा ३८ पासून फॉर्टिफाय-सोर्स ३ पातळीवर गेलाय. आता तुमच्या मेकफाइलमध्ये ‘सीफ्लॅग्ज बरोबर ओ-थ्री’ असं सरळ लिहिलं असेल तर डिस्ट्रोने एन्व्हायर्नमेंटमधून पाठवलेलं हे सगळं गाठोडं गळून पडतं. बिल्ड होतो, पॅकेज तयार होतं, कुठे एरर नाही, वॉर्निंग नाही, फक्त बफर ओव्हरफ्लो पकडणारी जाळी त्या एका प्रोग्रामला नाही. हे कोणाच्या लक्षातसुद्धा येत नाही म्हणून तर बीएलएचसीसारखी टूल्स लिहावी लागली, जी बिल्डचा लॉग वाचून सांगतात की अमुक फाइल कंपाइल होताना हार्डनिंगचे, म्हणजे सुरक्षेचे, फ्लॅग गायब होते. पॅकेजर तुमचा ओ-थ्री काढतो तेव्हा मुख्यतः तो हे गाठोडं परत आत आणत असतो.

आता स्पीडचं बोलू. ओ-थ्री म्हणजे ओ-टूचा हमखास जास्त वेगवान असलेला मोठा भाऊ नाही. त्यात कंपायलर इनलाइनिंग जास्त करतो, फंक्शनच्या कॉन्स्टंटनुसार वेगळ्या कॉपी काढतो, लूप फोडतो, लूपच्या आतली अट बाहेर काढून दोन लूप बनवतो, आणि या सगळ्याने कोड फुगतो. प्रोसेसरची सूचनांची पहिली कॅश बऱ्याच मशीनवर अजून ३२ केबी आहे, कोड त्याच्यात मावेनासा झाला की जे कमावलं ते तिथे जातं. दिवसभर डेटा चघळणारा एक छोटा लूप असेल, व्हिडिओ कोडेक, कॉम्प्रेशन, मॅट्रिक्स, तर ओ-थ्रीचा फायदा खरा असतो, झेडएसटीडी या कॉम्प्रेशन टूलच्या मेकफाइलमध्येही ओ-थ्रीच आहे. पण पार्सर, एडिटर, नेटवर्क डिमन अशा पसरट कोडला बऱ्याचदा काहीच मिळत नाही. त्यात जीसीसी १२ पासून, म्हणजे २०२२ पासून, ऑटो-व्हेक्टरायझेशन (लूप एकाच वेळी अनेक आकड्यांवर चालेल असा बदलणं) ओ-टूमध्येसुद्धा चालू झालंय, सावध मापात, त्यामुळे आधीचे बेंचमार्क पुन्हा करून बघायला हवेत.

तेव्हा तुमच्या मोजमापात तथ्य असेल तर ते वाया घालवू नका, पॅकेजरला आकडे पाठवा, कुठला इनपुट, कुठला कंपायलर, पर्फ स्टॅट या मोजमापाच्या कमांडने परत परत चालवून किती फरक आला ते. डेबियनमध्ये रूल्स फाइलमध्ये डेब-सीफ्लॅग्ज-मेंट-अपेंड वापरून फक्त त्या पॅकेजला ओ-थ्री जोडता येतो, बाकीचं गाठोडं जसंच्या तसं राहतं, कारण कमांडवर दोन ओ आले तर जीसीसी शेवटचा धरतो. वर एक ओळीची कमेंट हवी की हे का केलंय. कमेंट नसलेला खास फ्लॅग पुढच्या पॅकेजरला काढायचीही भीती वाटते आणि ठेवायचीही, मग तो वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो.

एक गोष्ट मला मनापासून पटते ती इथेच सांगते. फेडोरा ३८ ने आणि नंतर उबुंटू २४.०४ ने सगळ्या पॅकेजेससाठी फ्रेम पॉइंटर (कुठलं फंक्शन कोणी बोलावलं याचा माग देणारी खूण) परत चालू केले. त्याने थोडा वेग जातो हे माहीत असूनही, कारण फ्रेम पॉइंटर असले की चालू सिस्टमवर प्रोफाइलर लावून कुठे वेळ जातोय ते खरंखुरं दिसतं. एकट्या प्रोग्रामचा लेखक हा सौदा कधी करणार नाही, पूर्ण सिस्टम बघणाराच करू शकतो. म्हणून फ्लॅगचा शेवटचा शब्द त्याचा असावा.

प्रश्न (तेच वाचक, पुढे): मग मेकफाइल लिहायची कशी?

उत्तर: ‘सीफ्लॅग्ज प्रश्नचिन्ह-बरोबर ओ-टू जी’ असं लिहा, म्हणजे बाहेरून काही आलं नसेल तरच तुमचं लागू होईल. ज्या फ्लॅगशिवाय प्रोग्राम कंपाइलच होत नाही, इन्क्लूडचे पाथ, सीची आवृत्ती, थ्रेडचा फ्लॅग, ते वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि कंपाइलच्या ओळीत ते आधी आणि वापरणाऱ्याचे सीफ्लॅग्ज शेवटी लावा. ऑटोकॉन्फ (मेकफाइल तयार करून देणारं टूल) वापरत असाल तर तो स्वतःहूनच हे पाळतो, काही दिलं नाही तर जी आणि ओ-टू.

सीमेक हे बिल्डचं टूल वापरणाऱ्यांनी जास्त जपायचं. तिथे बिल्ड टाइप ‘रिलीज’ ठेवला की ओ-थ्री आणि एनडीबग जोडले जातात आणि ते तुमच्या सीफ्लॅग्जच्या नंतर येतात, म्हणजे डिस्ट्रोचा ओ-टू हरतो आणि कोणाला पत्ता लागत नाही. एनडीबगने सगळे असर्ट (‘हे खरं असलंच पाहिजे’ अशा तपासण्या) उडतात, कोणी असर्टच्या कंसात खरंखुरं काम करणारा फंक्शन कॉल लिहिला असेल तर तेही काम उडतं. डेबियनचं पॅकेज बांधणारा डेबहेल्पर म्हणूनच बिल्ड टाइप ‘नन’ पाठवतो. मेसन या दुसऱ्या बिल्ड टूलमध्ये उलटं, काहीच सांगितलं नाही तर डीबग बिल्ड होतो, ओ-झिरोवर, आणि मग फॉर्टिफाय-सोर्स पण चालत नाही कारण त्याला ऑप्टिमायझेशन चालू असावंच लागतं. पॅकेजसाठी तिथे ‘प्लेन’.

फ्रीबीएसडी या लिनक्सहून वेगळ्या सिस्टमच्या पोर्ट्समध्ये (तिथल्या पॅकेजच्या संग्रहात) तर पोर्टने वापरणाऱ्याचे सीसी (कंपायलरचं नाव) आणि सीफ्लॅग्ज पाळलेच पाहिजेत असा नियमच आहे, मेक डॉट कॉन्फमध्ये माणसाने जे लिहिलंय ते. तिथे डिफॉल्ट कंपायलर क्लँग आहे, त्यामुळे फक्त जीसीसीला कळणारे फ्लॅग मेकफाइलमध्ये ठोकून बसवले असतील तर त्या लोकांना तुमचं टूल बांधताना पहिल्याच पायरीला ठेच लागते.

प्रश्न (समुद्राच्या डेटावर काम करणारी संशोधक, पणजी): आमच्या लायब्ररीच्या पॅकेजमध्ये स्पीडसाठी ओफास्ट टाकलं होतं. डेटात जिथे रीडिंग नाही तिथे नॅन (‘ही संख्या नाही’ अशी खूण) असतं आणि आम्ही ते तपासून वगळतो. आता वगळलंच जात नाहीये, सरासऱ्या सगळ्या नॅन येतात. शिवाय पायथनमधून ही लायब्ररी लोड केली की आमचा काहीच संबंध नसलेल्या दुसऱ्या मॉड्यूलमधून वॉर्निंग यायला लागल्यात. हे कसं शक्य आहे?

उत्तर: दोन्ही शक्य आहे आणि दोन्हीचं मूळ एकच. ओफास्ट म्हणजे ओ-थ्री आणि वर फास्ट-मॅथ. फास्ट-मॅथमध्ये एक वचन दडलेलं असतं की या प्रोग्राममध्ये नॅन आणि अनंत कधीच येणार नाहीत. तुम्ही ते वचन नकळत दिलंत, कंपायलरने ते खरं मानलं, आणि मग ‘हे नॅन आहे का’ या तपासणीचं उत्तर नेहमी ‘नाही’ असंच असणार म्हणून ती तपासणीच काढून टाकली. भरती-ओहोटीच्या मापकाचं बंद पडलेलं रीडिंग आता खऱ्या आकड्यासारखं आत येतंय.

दुसरा प्रकार जास्त वाईट आहे. फास्ट-मॅथ लिंक करतानाही दिलं असेल तर जीसीसी एक छोटी ऑब्जेक्ट फाइल जोडतो, सीआरटीफास्टमॅथ, जी लोड होताच प्रोसेसरच्या एमएक्ससीएसआर रजिस्टरमध्ये बिट लावते की अतिसूक्ष्म संख्या, म्हणजे डबलमध्ये साधारण १० चा उणे ३०८ वा घात याच्या खालच्या, सरळ शून्य समजा. हे रजिस्टर तुमच्या लायब्ररीपुरतं नसतं, ज्या थ्रेडने लायब्ररी लोड केली त्यातला आणि त्यातून पुढे निघणाऱ्या थ्रेडमधला सगळा कोड त्याच्या तावडीत येतो, पायथनची गणिताची नमपाय लायब्ररी असो की अजून काही. २०२२ मध्ये पायथनच्या बऱ्याच तयार पॅकेजेसमध्ये हे सापडलं होतं, गणिताशी घेणंदेणं नसलेलं जीइव्हेंटसुद्धा ओफास्टने बांधलेलं होतं आणि ते इम्पोर्ट करणाऱ्या प्रत्येकाचं गणित मुकाट्याने बदलत होतं. जीसीसी १३ पासून, २०२३ पासून, शेअर्ड लायब्ररी बनवताना ही फाइल जोडणं बंद झालं, पण तुम्ही जुन्या कंपायलरवर बांधत असाल तर ती अजून आत जात असेल.

मी तर म्हणेन की दुसऱ्यांना वाटायच्या पॅकेजमध्ये ओफास्ट नकोच. तुम्हाला वेग हवा असेल तर फास्ट-मॅथच्या गाठोड्यातले दोन फ्लॅग सुटे घ्या, नो-मॅथ-एरनो आणि नो-ट्रॅपिंग-मॅथ. पहिल्याने वर्गमूळासारख्या फंक्शननंतर एरनो (एररचा नंबर ठेवायचं व्हेरिएबल) भरायची सक्ती जाते, दुसऱ्याने कंपायलरला लूप व्हेक्टरमध्ये बदलायला मोकळीक मिळते, आणि नॅनची तपासणी शाबूत राहते. ज्या एखाद्या बेरजेत क्रम बदलला तरी चालतो अशी तुमची खात्री आहे, ती वेगळ्या फाइलमध्ये काढून तेवढ्याच फाइलला असोसिएटिव्ह-मॅथ आणि त्याला लागणारे फ्लॅग द्या, पूर्ण लायब्ररीला नाही.

आणि पुढेमागे एआरएम६४ वर टेस्ट चालवल्या तर शेवटच्या एक-दोन अंकांत फरक दिसून घाबरू नका, तिथे गुणाकार-बेरीज एकत्र करणारी एफएमए सूचना मूळ संचातच आहे आणि जीसीसी ती स्वतःहून वापरतो. फरक खरंच नडत असेल तर एफपी-कॉन्ट्रॅक्ट ऑफ करा. पण त्याआधी टेस्टमध्ये दोन संख्या ‘बरोबर’ आहेत का असं विचारताय ते बदलून ‘इतक्या फरकाच्या आत’ आहेत का असं विचारा, बहुतेक वेळा दोष फ्लॅगचा नसून टेस्टचा असतो.

प्रश्न (कोल्हापूर): प्रोग्राम ओ-झिरोवर नीट चालतो, ओ-टूवर क्रॅश होतो. म्हणजे कंपायलरमध्ये बग आहे ना? पॅकेजमध्ये ओ-झिरो देऊन टाकू का?

उत्तर: कंपायलरमध्ये बग असतात, पण अशा तक्रारींमध्ये ते क्वचितच निघतात. सीमध्ये काही गोष्टी करायच्याच नाहीत असं ठरलेलं आहे, साइन्ड इंटिजर ओव्हरफ्लो होऊ द्यायचा नाही, एका प्रकारची मेमरी भलत्याच प्रकारच्या पॉइंटरने वाचायची नाही. ओ-झिरोवर कंपायलर यावर विसंबून काही करत नाही म्हणून चुकीचा कोडही निभावून जातो, ओ-टूवर तो विसंबतो.

लिनक्स कर्नलमध्ये २००९ ला घडलेलं प्रकरण याबाबत वाचण्यासारखं आहे. टन नावाच्या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये आधी पॉइंटरमधून एक फील्ड वाचलं होतं आणि पुढच्या ओळीत तो पॉइंटर नल (कुठलीच जागा न दाखवणारा) आहे का ते तपासलं होतं. जीसीसीने विचार केला की याच्यातून वाचलंय म्हणजे हा नल नसणारच, आणि तपासणी काढून टाकली. त्यातून थेट रूटपर्यंत (मशीनच्या पूर्ण ताब्यापर्यंत) पोचणारं भोक तयार झालं. तेव्हापासून कर्नल नो-डिलीट-नल-पॉइंटर-चेक्स हा फ्लॅग देऊनच कंपाइल होतो, नो-स्ट्रिक्ट-एलियसिंग (भलत्या प्रकारच्या पॉइंटरने वाचणं चालवून घेणारा) तर त्याच्याही आधीपासून आहे.

तुम्ही आधी अनडिफाइन्ड आणि ॲड्रेस हे दोन्ही सॅनिटायझर (प्रोग्राम चालताना अशा चुका पकडणारी कंपायलरची सोय) लावून बिल्ड करा आणि टेस्ट चालवा, बऱ्याचदा फाइल आणि ओळ नंबरसकट उत्तर मिळतं. नाहीच मिळालं तर अर्ध्या फाइली ओ-झिरो, अर्ध्या ओ-टू, असं करत गुन्हेगार फाइल गाठा. मूळ लेखकाला कळवा. दरम्यान पॅकेज द्यायचंच असेल तर नो-स्ट्रिक्ट-एलियसिंग किंवा रॅप-व्ही (साइन्ड ओव्हरफ्लो चालवून घेणारा), ज्याने क्रॅश थांबतो तो एकच फ्लॅग जोडा आणि बग रिपोर्टची लिंक कमेंटमध्ये ठेवा. ओ-झिरो नको, कारण स्पीड तर जाईलच पण वर म्हटल्याप्रमाणे फॉर्टिफाय-सोर्स पण जाईल, आणि क्रॅश होणारा प्रोग्राम हा नेमका तोच आहे ज्याला त्या संरक्षणाची सगळ्यात जास्त गरज आहे.

प्रश्न (म्युनिकहून, सोर्सवरून सगळं कंपाइल करणारी जेंटू ही डिस्ट्रो वापरणारे वाचक): मी स्वतःच्याच मशीनवर सगळं कंपाइल करतो, मग मला एमआर्च=नेटिव्ह आणि एलटीओ (लिंक करताना पूर्ण प्रोग्रामचं एकत्र ऑप्टिमायझेशन) चालेल ना?

उत्तर: नेटिव्ह तुम्हाला बिनधास्त चालेल, बांधणारा आणि वापरणारा एकच आहे, जेंटूच्या मेक डॉट कॉन्फमध्ये ते लिहायची रीतच आहे. फक्त हार्ड डिस्क काढून जुन्या मशीनला लावायची वेळ येणार असेल तर आधी विचार करा. काही ई-बिल्ड (जेंटूमध्ये पॅकेज कसं बांधायचं ते सांगणाऱ्या फाइली) तुमचे फ्लॅग स्वतःहून गाळतात, स्ट्रिप-फ्लॅग्ज किंवा फिल्टर-फ्लॅग्ज वापरून, ते कोणीतरी बग भोगून लिहिलेलं असतं, त्याला वळसा घालू नका.

एलटीओ आता नवखं राहिलेलं नाही, ओपनसुसे टंबलवीडने २०१९ ला आणि फेडोराने २०२० ला ३३ व्या आवृत्तीत ते डिफॉल्ट केलं. पण मोठं पॅकेज लिंक होताना रॅम भरपूर खातं, आणि ज्या लायब्ररी सिम्बॉलच्या (बाहेरून वापरायच्या फंक्शनच्या नावांच्या) आवृत्त्या असेंब्लीच्या ओळीने लावतात त्यांचे सिम्बॉल एलटीओमध्ये हरवतात. तेवढ्या पॅकेजसाठी ते बंद करा, बाकीच्यांना राहू द्या.